सामूहिक कबर सापडल्यावर काय करावे

युद्धातल्या कत्तलीनंतर माणसांना एकत्र पुरलेला खड्डा सापडतो, तेव्हा तिथे आधी पोहोचणारा माणूस न्यायवैद्यक तज्ज्ञ क्वचितच असतो. गुराखी, शेतकरी, बेपत्ता झालेल्याचा भाऊ, वार्ताहर, मदतसंस्थेतली नर्स, शांतिसेनेच्या गस्तीवरचा जवान, असे कोणी तरी असते. पुढच्या वीस वर्षांत किती घरांना आपला माणूस परत मिळणार, हे बरेचसे त्या पहिल्या काही दिवसांत ठरून जाते. हे टिपण त्या पहिल्या माणसांसाठी आहे. पुढे उत्खनन, शवागार, रक्ताचे नमुने, कुटुंबांशी बोलणे या कामांत उतरणारे डॉक्टर, पुरातत्त्वज्ञ, वकील आणि दुभाषे यांनाही ते उपयोगी पडावे.

उदाहरणे मुख्यतः बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साची आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलेले हे गाव बोस्नियन सर्ब सैन्याने ११ जुलै १९९५ रोजी घेतले आणि त्यानंतरच्या दिवसांत सुमारे ८,००० बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले. आज या कामाची जी पद्धत जगभर चालते, तिचा मोठा भाग त्या मृतांची ओळख पटवताना घडला. चुकाही तिथे भरपूर झाल्या आणि त्यांची किंमत कुटुंबांनी मोजली.

आधी खोदू नका

इराकमध्ये एप्रिल २००३ मध्ये सद्दामची राजवट कोसळल्यावर मे महिन्यात हिल्ला शहराजवळच्या अल-महावील इथे लोकांनी स्वतःच खोदायला सुरुवात केली. १९९१ च्या उठावानंतर नाहीशा केलेल्या माणसांचे नातेवाईक बारा वर्षे वाट पाहत होते, त्यामुळे त्यांच्या घाईला दोष देता येत नाही. पण खोदायला यांत्रिक फावडे आणले गेले. त्याच्या दातांनी सांगाडे तुटले, एकाची हाडे दुसऱ्याच्या ढिगात गेली, खिशातली ओळखपत्रे मातीत मिसळली. हजाराहून अधिक जणांचे अवशेष ओळखीविना पुन्हा पुरावे लागले. तिथे बंदोबस्त ठेवणे हे देश ताब्यात घेतलेल्या सैन्याचे काम होते.

म्हणून पहिल्या दिवशी करायचे काम एवढेच: जागा जशी आहे तशी राखा. दिसणाऱ्या मातीच्या कडेपासून निदान वीस-तीस मीटर सोडून दोरी बांधा. वर दिसणारे हाड, बूट, काडतूस उचलू नका. आत-बाहेर जाण्याची एकच वाट ठरवा, कारण मारेकऱ्यांच्या वाहनांचे माग, चाकांचे ठसे, पसरलेली काडतुसे ही सगळी कबरीच्या बाहेरच असतात आणि गर्दीच्या पायांखाली आधी तीच जातात. पाऊस येणार असेल तर वरून प्लास्टिक किंवा ताडपत्री टाका आणि पाणी वळवायला बाजूने उथळ चर काढा. चर कबरीच्या कडेला खेटून नको.

सुरुंगांचा विचार मात्र या सगळ्याच्याही आधी करा. इराकच्या सिंजार भागात 'इस्लामिक स्टेट'ने माघार घेताना घरांत, वाटांवर स्फोटके पेरून ठेवली होती. बोस्नियातही युद्धानंतर कित्येक वर्षे सुरुंग निघत राहिले. सुरुंग काढणाऱ्या पथकाने जागा मोकळी केल्याशिवाय तिथे नातेवाइकांना नेऊ नका.

फोटो काढा, पण रीतीने. आधी लांबून, ओळखू येणारी खूण, म्हणजे डोंगर, मिनार, विजेचा खांब, चौकटीत घेऊन. मग मधल्या अंतरावरून. मग जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोनचे लोकेशन सुरू असू द्या. मूळ फाइल तशीच जपा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून वेळ, जागा आणि बारकावा निघून जातो. कोर्टात तो फोटो फार उपयोगाचा राहत नाही. मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कोणी, कधी, कोणत्या फोनने काढला हे त्याच दिवशी वहीत लिहून सही करा. आणि काढलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. आपल्या मुलाचा सदरा आईने तिथे पहिल्यांदा पाहावा, याइतके वाईट काही नाही.

अजून एक गैरसमज दूर करायला हवा. प्रेतांमुळे साथ पसरते या भीतीने चुना टाकून घाईघाईने पुरण्याचा हुकूम निघतो. युद्धात किंवा आपत्तीत जखमांनी मेलेल्यांची प्रेते साथीचे कारण होत नाहीत. विहिरीत किंवा झऱ्यात प्रेते असतील तर पाणी दूषित होते, तेवढी काळजी वेगळी घ्यावी. घाईने पुरण्याचे नुकसान मात्र कायमचे असते.

लढाई चालूच असेल आणि प्रेते उघड्यावर असतील तर

तेव्हा थांबता येत नाही. तात्पुरते दफन करा, पण असे की पुढे प्रत्येक माणूस वेगळा काढता येईल. प्रत्येक प्रेताला एकच क्रमांक द्या आणि तो क्रमांक आयुष्यभर त्याचाच राहील. पाण्याने पुसला जाणार नाही अशा चिठ्ठीवर तो लिहून एक चिठ्ठी प्रेताला, एक पिशवीला बांधा. त्याच क्रमांकासह चेहऱ्याचा समोरून, पूर्ण देहाचा, कपड्यांचा आणि तीळ, व्रण, गोंदण यांसारख्या खुणांचा फोटो घ्या. चेहरा आधी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर रक्त आणि मातीमुळे फोटो निरुपयोगी होतो. खिशातल्या वस्तू त्याच क्रमांकाच्या पाकिटात घालून प्रेताबरोबरच ठेवा.

खड्डा निदान दीड मीटर खोल हवा. प्रेते एकाच थरात, एकमेकांपासून सुमारे ४० सेंटिमीटर अंतर ठेवून. थरावर थर रचू नका. पिण्याच्या पाण्यापासून २०० मीटर दूर. कोणता क्रमांक डावीकडून कितवा याचा नकाशा काढा आणि त्याच्या प्रती दोघातिघांकडे द्या. ज्याच्याकडे एकमेव नकाशा होता तोच पुढे मारला गेला, तर सगळेच हरवते.

कबरीआधी कुटुंबे

खड्ड्यातून निघणारे हाड एकटे काही सांगत नाही. त्याच्याशी जुळवायला बेपत्ता माणसाच्या जवळच्यांचे रक्त आणि त्याची माहिती लागते. त्यामुळे ओळख पटवण्याचे निम्मे काम कबरीपासून दूर, निर्वासितांच्या छावणीत किंवा परदेशातल्या एखाद्या भाड्याच्या खोलीत होते. उत्खननाला मंजुरी, पैसा, तज्ज्ञ मिळेपर्यंत महिने जातात. ते महिने कुटुंबांपर्यंत पोहोचण्यात घालवा.

स्रेब्रेनित्सात हे उलट्या क्रमाने घडले. माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरणाने १९९६ पासून कबरी खोदल्या. त्यांना खटल्यासाठी हवे होते ते किती जण, कसे आणि कधी मारले गेले. ते त्यांनी उत्तम सिद्ध केले. प्रत्येक माणसाचे नाव शोधणे मात्र त्यांच्या कामात बसत नव्हते, आणि हजारो पिशव्या तुझला शहरात बिननावाच्या पडून राहिल्या. कपडे आणि वस्तूंचे फोटो छापून त्यांचे पुस्तक गावोगाव दाखवले गेले. त्यातून ओळखी फार थोड्या पटल्या, कारण वेढ्यातल्या गावात मदतीचे कपडे सगळ्यांचे सारखेच होते आणि माणसांनी ते एकमेकांत वाटून घातले होते. १९९६ मध्ये जी-७ देशांच्या लियाँ इथल्या बैठकीत स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोगाने मग रक्ताच्या नमुन्यांवर भर दिला. नोव्हेंबर २००१ मध्ये डीएनएने पहिली ओळख पटली. स्रेब्रेनित्सासाठी २२,००० हून अधिक नातेवाइकांनी रक्त दिले आणि आजवर ६,९०० हून अधिक जणांना नाव परत मिळाले आहे.

नमुना घेणे अवघड नाही. बोटाला सुई टोचून खास कार्डावर चार थेंब घ्यावेत. कार्ड सावलीत, हवेशीर जागी पूर्ण कोरडे होऊ द्यावे, उन्हात किंवा पंख्याच्या धुळीत नाही. मग कागदी पाकिटात घालून सोबत ओलावा शोषणारी पुडी ठेवावी. ओले कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले की बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. दमट हवेत ही चूक सर्रास होते. रक्ताला नकार असेल तर गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेता येतो.

कोणाचे रक्त घ्यायचे, हे जास्त महत्त्वाचे. आई आणि वडील दोघे असतील तर उत्तम. मुले असतील तर मुलांचे घ्या आणि मुलांच्या दुसऱ्या पालकाचेही घ्या, म्हणजे त्याचा वाटा वजा करता येतो. ते नसतील तर सख्खी भावंडे, जितकी मिळतील तितकी. एका बेपत्ता माणसामागे शक्यतो तीन नातेवाईक गाठा. काका, मामा, चुलतभाऊ यांच्या नमुन्यांचा उपयोग कमी होतो, पण दुसरे कोणीच उरले नसेल तर तेही घ्या. नाते विचारताना "भाऊ" एवढ्यावर थांबू नका. सख्खा, सावत्र, चुलत की दत्तक, हे नीट विचारा आणि तीन पिढ्यांचे कुटुंबवृक्ष कागदावर काढा.

दोन अडचणी आधीच लक्षात ठेवा. एकाच घरातले दोन अविवाहित भाऊ मारले गेले असतील, तर आईवडिलांच्या रक्तावरून हाड त्या घरातले आहे एवढेच कळते. ते थोरल्याचे की धाकट्याचे हे कळत नाही. तिथे वय, उंची, दात, जुने मोडलेले हाड यांवरच निवाडा होतो. म्हणून हयातीतली माहिती तपशिलाने घ्या: कोणता दात पडला होता, कोणत्या हाताला प्लास्टर घातले होते, लंगडत होता का. दुसरी अडचण नाजूक आहे. तपासणीत कधी असे दिसते की ज्याला बाप समजले जाते तो रक्ताचा बाप नाही. हे कोणाला सांगायचे नाही, असा लेखी नियम नमुने घेण्याआधी करून ठेवा आणि संमतिपत्रात कुटुंबाला समजावून सांगा की नमुना फक्त बेपत्ता माणूस शोधण्यासाठी वापरला जाईल. पोलिसांना, परदेशी नागरिकत्व खात्याला किंवा इतर कोणाला तो दिला जाणार नाही. हा शब्द पाळता येणार नसेल तर नमुना घेऊच नका.

प्रयोगशाळेत नाव जाऊ देऊ नका, फक्त बारकोड जाऊ द्या. तपासणाऱ्याला कोणाचा नमुना आहे हे माहीत नसले की निकालावर शंका घ्यायला जागा उरत नाही. बोस्नियासारख्या दुभंगलेल्या देशात बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट या तीनही समाजांनी निकाल मानले, त्यामागे ही आंधळी जुळणी मोठी होती.

कबर शोधणे आणि खोदणे

साक्षीदार जागा सांगतो तेव्हा त्याला नकाशावर बोट ठेवायला लावण्याऐवजी तिथे घेऊन जा, तो सुरक्षित असेल तर. दहा वर्षांत झाडी वाढते, रस्ता सरकतो. उपग्रह आणि विमानातून काढलेले आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले की उकरलेली जमीन उठून दिसते. जमिनीवर पाहताना खचलेला उथळ खळगा, आजूबाजूपेक्षा वेगळे गवत, वर आलेली खालच्या थराची माती या खुणा शोधा. टी आकाराची लोखंडी सळई हळूहळू खाली दाबा: उकरलेली माती भुसभुशीत लागते, आणि सळईच्या टोकाला कुजलेला वास येतो. सळई खूप आत रेटू नका, हाडाला भोक पडते. खात्री करायला खड्ड्याच्या आडवा अरुंद चर काढा. मातीचे थर शिस्तीत दिसले तर जमीन मूळची. रंगांची खिचडी दिसली तर ती कोणीतरी हलवलेली.

वरची माती यंत्राने काढायला हरकत नाही, पण बादली बिनदाती हवी आणि शेजारी अनुभवी पुरातत्त्वज्ञ उभा हवा. एका वेळी दहा सेंटिमीटरचा थर. पहिला कपडा किंवा हाड दिसताच यंत्र बंद आणि पुढे थापी, बांबूच्या काड्या, कुंचला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलेल्याला हे हात ओळखीचे वाटतील. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन दफनांत सांगाडा जागचा न हलवता चारी बाजूंनी मोकळा करायचा असतो, तोच धीर इथे लागतो. फरक इतकाच की इथे कबरीच्या भिंतीही पुरावा असतात. यांत्रिक फावड्याच्या दातांचे ओरखडे मातीच्या भिंतीत राहतात आणि त्यावरून यंत्राची जात ओळखता येते. म्हणून भिंती तासून "साफ" करू नका.

हात किंवा पाय दिसला म्हणून ओढू नका. देह पूर्ण उघडा झाल्यावरच उचलायचा, वरचा आधी आणि त्याच्याखाली अडकलेला नंतर. प्रत्येक देहाचे डोके, खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे यांचे बिंदू मोजणी यंत्राने नोंदवा, म्हणजे पुढे संगणकावर कोण कोणावर पडला होता ते दिसते. क्रमांक, मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण ठेवून फोटो घ्या. डोळ्यांवरची पट्टी, मनगटाची तार किंवा दोरी सोडू नका, कापू नका. ती बांधलेल्या अवस्थेत शवागारात जाऊ द्या. स्रेब्रेनित्साच्या कबरींत डोळ्यांवर बांधलेल्या चारशेहून अधिक पट्ट्या निघाल्या. ही माणसे लढाईत पडली असा बचाव कोर्टात टिकला नाही, त्यात या चिंध्यांचा मोठा वाटा आहे.

पूर्ण देह, देहाचा सलग भाग आणि सुटे हाड यांना वेगळ्या प्रकारचे क्रमांक द्या. "हे हाड याचेच असणार" असे ठरवून ते खड्ड्यातच शेजारच्या सांगाड्याच्या पिशवीत टाकणे ही सर्वांत महाग पडणारी चूक. ठरवण्याचे काम शवागारात होऊ द्या. हात आणि पाय वेगळ्या छोट्या पिशव्यांत बांधा, बोटांची हाडे हरवतात. तळाची माती चाळणीतून काढा. गोळ्या, दात, अंगठ्या तिथेच सापडतात. रोज संध्याकाळी कबर झाका आणि पहारा ठेवा.

मुद्देमाल कोणी कोणाकडे कधी दिला याची सही एकही चुकता कामा नये. आपल्याकडच्या पंचनाम्याची सवय असलेल्यांना हे सांगायला नको, पण दिवसभर चिखलात उभे राहिल्यावर शेवटच्या दहा पिशव्यांच्या नोंदी "उद्या करू" म्हणून राहतात, आणि वकील नेमक्या त्याच दहा पिशव्या उचलतो.

दुसरीकडे हलवलेल्या कबरी

१० ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेच्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांनी सुरक्षा परिषदेत ताज्या उकरलेल्या जमिनीची हवाई छायाचित्रे दाखवली. जगाला कबरी कुठे आहेत हे कळले होते. तरी त्यांवर पहारा बसला नाही, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारेकऱ्यांनी यंत्रे लावून त्या उकरल्या, अवशेष ट्रकांत भरून डोंगरातल्या दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकले. त्यामुळे देह तुटले. एकाच माणसाचे अवशेष कित्येक किलोमीटर दूरच्या वेगवेगळ्या कबरींत सापडले.

अशी शंका आली की दोन गोष्टी शोधा. मूळ कबरीत मागे राहिलेले लहान भाग, आणि नव्या कबरीत जुन्या जागेची माती. कोझलुक गावातली मूळ कबर बाटल्यांच्या कारखान्याच्या टाकाऊ काचेजवळ होती. तिथली हिरवी काच आणि लेबले चांचारी रस्त्यालगतच्या कबरीत सापडली, आणि दोन्ही जागा जोडल्या गेल्या. परागकण, मातीची घडण, काडतुसांवरच्या खुणा यांनीही असेच दुवे मिळाले. म्हणून प्रत्येक कबरीच्या मातीचा नमुना घ्या, वेगवेगळ्या खोलीवरून, आणि "नुसता कचरा" दिसणारी वस्तूही फेकू नका.

शवागारात

पिशवी उघडण्याआधी क्ष-किरण काढा. गोळीचे तुकडे, न फुटलेला हातगोळा, कपड्यात शिवलेली अंगठी त्यात दिसते. कपडे काढून धुवा, वाळवा, फोटो घ्या. हाडे कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुवून सावलीत वाळवा आणि टेबलावर देहाच्या क्रमाने मांडा. एका पिशवीत दोन उजव्या मांड्यांची हाडे निघाली तर निदान दोन माणसे आहेत. सगळ्या कबरीतल्या माणसांची किमान संख्याही अशीच मोजतात. वय ठरवताना ओटीपोटाखाली पुढे जुळणाऱ्या जघनास्थींच्या सांध्याचा पृष्ठभाग आणि तरुणांत हाडांची टोके जुळली आहेत का हे पाहतात. वय "अंदाजे पंचवीस" असे न लिहिता "वीस ते तीस" असे लिहा. अरुंद आकडा लिहिला की खरा माणूस यादीतून बाहेर पडतो.

डीएनएसाठी मांडीच्या हाडाचा मधला जाड भाग सर्वांत खात्रीचा, त्यानंतर न किडलेली दाढ. बरगड्या आणि मणके यांतून त्या मानाने कमी वेळा पुरेसे मिळते. मांडीच्या हाडाच्या मध्यातून चार ते सहा सेंटिमीटर लांबीची खिडकी कापा, हाड आडवे तोडून दोन तुकडे करू नका. जखमेच्या जागेवरून कापू नका. प्रत्येक नमुन्याला नवे हातमोजे, घासून पुसलेले पाते. अवशेष मिसळलेल्या कबरीत प्रत्येक सुट्या मोठ्या हाडाचा नमुना घ्यावा लागतो. खर्च वाढतो, पण त्याला पर्याय नाही. एक सांगाडा दिसतो म्हणून एकच नमुना घेतला आणि डोके दुसऱ्याचे निघाले, असे घडते.

बोस्नियात जुळणी मान्य करायला ९९.९५ टक्के किंवा त्याहून जास्त खात्री लागते. तेवढी आली तरी अहवाल म्हणजे ओळख नव्हे. वय, उंची, दात, सापडलेली जागा या सगळ्यांशी तो पडताळून न्यायवैद्यक डॉक्टर सही करतो, तेव्हा ओळख पटते. हाडांवरून वय चाळीस आणि डीएनएचा निकाल सतरा वर्षांच्या मुलाचा, असे दिसले तर पाकिटांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहा.

घरी जाऊन सांगणे

फोनवर सांगू नका, आणि कोणाच्या तरी हाती निरोप तर मुळीच नको. दोघांनी जावे, त्यांतला एक कुटुंबाच्या भाषेत बोलणारा. कोणाला सांगायचे आणि त्या वेळी जवळ कोण असावे, हे रक्त घेतानाच विचारून ठेवलेले असावे. घुटमळत बसू नका. पहिल्या दोन वाक्यांत ओळख पटली हे सांगा, मग गप्प राहा. प्रश्न येतील: कुठे सापडला, किती सापडला, कसा मेला, त्रास झाला का. जे हाडांवरून ठरले आहे तेवढेच सांगा. "त्रास झाला नसेल" असा दिलासा देऊ नका. कोर्टात पुढे वेगळे कळले तर तुमच्यावरचा विश्वास उडतो. फोटो मागितल्याशिवाय दाखवू नका, मागितला तर नाकारू नका.

सगळ्यांत कठीण प्रश्न अर्धवट अवशेषांचा. एक मांडी आणि काही मणके मिळाले आहेत, आणखी मिळतील की नाही सांगता येत नाही. आता पुरायचे की थांबायचे? हा निर्णय कुटुंबाचाच. बोस्नियात काही आयांनी वर्षानुवर्षे थांबायचे ठरवले, काहींनी दोन हाडांवर दफन केले. दर वर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीच्या दफनभूमीत नव्याने ओळख पटलेल्यांना पुरतात. दफन झाल्यावर आणखी भाग सापडला तर कळवायचे का, कबर उघडायची का, हे लेखी विचारा. कोणाला प्रत्येक तुकड्याचे कळायला हवे असते, कोणाला पुन्हा ती बातमी नको असते. दोन्ही उत्तरे मान्य करा आणि मत बदलण्याची मुभा ठेवा.

कागदपत्रांची मदत लगेच करा. नवरा "बेपत्ता" असेपर्यंत बाईला पेन्शन, जमिनीची नोंद, मुलांच्या दाखल्यावरची सही, पुनर्विवाह यांत प्रत्येक ठिकाणी अडवतात. मृत्यूचा दाखला घ्यायला लावणे म्हणजे मात्र आशा सोडायला लावणे. म्हणून बेपत्ता असल्याचा वेगळा दाखला आणि त्यावर हक्क मिळण्याची सोय कायद्यात हवी. बोस्नियाने २००४ मध्ये बेपत्ता व्यक्तींचा कायदा केला तो याच गरजेतून.

इतर देशांकडून काय मागायचे

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ फेब्रुवारी २००७ च्या निकालात, बोस्नियन सर्बांना पाठबळ देणाऱ्या सर्बियाने वंशसंहार रोखण्याचे आपले कर्तव्य मोडले असे ठरवले. हे कर्तव्य लागू व्हायला वंशसंहार सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. गंभीर धोका आहे हे कळले, किंवा कळायला हवे होते, त्या क्षणी ते लागू होते, आणि ज्याचा वचक जास्त त्याची जबाबदारी जास्त. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये, स्रेब्रेनित्सात शांतिसेनेतल्या डच सैनिकांच्या तळावरून बाहेर काढलेल्या सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत, राज्यावर १० टक्के जबाबदारी ठेवली. भारताने १९५९ मध्ये वंशसंहारविरोधी करार मंजूर केला आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्या सरकारलाही विचारता येतो.

विचारताना नेमके मागा. कबरीवर लक्ष ठेवणारी उपग्रह छायाचित्रे आणि ती जपण्याची हमी. प्रत्यक्ष पहारा. परदेशात विखुरलेल्या नातेवाइकांचे रक्त घ्यायला दूतावासात दोन दिवसांची सोय. बोस्नियाची माणसे जर्मनीपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पांगली होती आणि त्यांच्याशिवाय हजारो जुळण्या अशक्य होत्या. आणि दीर्घ काळचा पैसा. दोन वर्षांच्या अनुदानावर हे काम चालत नाही. सिंजारमधल्या कोचो गावात 'इस्लामिक स्टेट'ने यझिदी या अल्पसंख्य समाजाची केलेली कत्तल १५ ऑगस्ट २०१४ ची, उत्खनन सुरू झाले मार्च २०१९ मध्ये, आणि पहिल्या १०४ यझिदींचे दफन झाले फेब्रुवारी २०२१ मध्ये. पुरावे गोळा करणारे संयुक्त राष्ट्रांचे पथक सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले, तेव्हा कबरींचे काम संपलेले नव्हते. पथक बंद होणारच असेल, तर मूळ नोंदी, नमुने आणि माहितीसाठा कोणाच्या ताब्यात जाणार हे बंद होण्याच्या एक वर्ष आधी लेखी ठरवून घ्या.

ओळख न पटलेले अवशेष

काही हाडांना जुळणारे रक्त सापडत नाही. घरातले सगळेच मारले गेले असतात, किंवा जवळचे नातेवाईक कुठे आहेत ते कळत नाही. काही वेळा पूर्वी डोळ्यांनी पाहून केलेली ओळख चुकलेली असते आणि एका कुटुंबाने दुसऱ्याचा माणूस पुरलेला असतो. मग खरा माणूस शवागारात बिननावाचा राहतो. म्हणून अशा अवशेषांचे दहन करू नका आणि ते एकत्र पुरू नका. प्रत्येक केस वेगळ्या पिशवीत, क्रमांक ठोकलेल्या धातूच्या पट्टीसह ठेवा. कागदाची चिठ्ठी दहा वर्षांत गळते, शाई उडते. जागा नसेल तर क्रमांकित वेगळ्या कबरीत पुरा, नकाशा आणि डीएनएची माहिती जपून ठेवा, आणि दर काही वर्षांनी सगळ्या पिशव्या उघडून यादीशी ताडून पाहा. नमुना जुन्या पद्धतीने अयशस्वी झाला असेल, तर तो पुन्हा नव्या तंत्राने तपासायला पाठवा. त्यासाठी मूळ हाडाचा निदान एक तुकडा न वापरता बाजूला ठेवलेला असावा.